कपाटातल्या घड्या

१२ नोव्हेंबर

आदरणीय तपासकाका,

नमस्कार. तुमचं सांत्वनाचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी ते लिहून लिहून फाडत होते. तुम्हाला काका म्हणावं की नाही, इथपासूनच माझं अडत होतं. आपण एकदाच भेटलोय, तेही मी टेबलाखाली खेळण्याच्या वयाची असताना. पण आमच्या घरात तुमचं नाव कायम तपासकाका असंच घेतलं गेलं. लष्करात बाबा हवाई छत्र्या बांधायचे आणि तुम्ही त्या तपासायचात, ही मी आयुष्यात ऐकलेली पहिली गोष्ट असावी. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणता, असं बाबा सांगायचे. म्हणून पत्र.

बाबांना फार त्रास झाला नाही. जेवून उठताना भोवळ आली, रुग्णालयात नेलं, तिथेच तिसऱ्या दिवशी गेले. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. मी इथून लांबच्या शहरात एका रुग्णालयाच्या औषध-विभागात काम करते. चिठ्ठीवरचं औषध आणि खिडकीतून दिलं जाणारं औषध एकच आहे ना, हे बघणं माझं काम. बाबांना या नोकरीचा फार अभिमान होता. लहानपणी मी सारखी आजारी असायचे म्हणून बरीच वर्षं शाळेत गेलेच नाही. बाबांनीच घरी शिकवलं. अंक शिकले ते दोऱ्या मोजून, आणि कोन शिकले ते चादरीच्या घड्यांवरून. "बांधणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा पाहिजे" हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळे मी जी झाले ती झाले. गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून परत येणारी. बाबा मला शंकाबाई म्हणायचे.

आता मुद्द्याचं. इथे थंडी सुरू झाली आहे आणि आई पांघरूण घेत नाही.

तुम्हाला बाबांची घडी माहीत असणारच. आमच्या घरात चादर, रजई, टॉवेल, भाजीची पिशवी, कशाचीच घडी साधी नसायची. पाहुण्यांना टॉवेल सापडायचा नाही, कारण तो तळहाताएवढा झालेला असायचा. वर्तमानपत्र बाबांनी वाचून घडी घालून ठेवलं की दुसऱ्या कोणाची उघडायची छाती होत नसे. रोज सकाळी घरातली सगळी पांघरुणं ते घडी घालून कपाटात रचायचे. भोवळ आली त्या दिवशी सकाळीही रचली होती. तेव्हापासून आईने त्या कपाटातलं एक पांघरूणही बाहेर काढलेलं नाही. बाबांचा जुना कोट अंगावर घेते आणि पाय पोटाशी घेऊन झोपते. मी नवीन ब्लँकेट आणलं, ते तिने मोलकरणीला देऊन टाकलं. म्हणाली, "मला थंडी नाही वाजत." गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी छातीला जपायला बजावून सांगितलंय.

मला कारण कळतं. एकदा मोडलेली घडी परत घालणारं माणूसच राहिलं नाही. म्हणून माझी विनंती. ती घडी मला पत्रातून शिकवाल का? मला परत घालता आली, तर आईला पांघरूण काढायला भीती वाटणार नाही. वर्ष संपलं की मला कामावर हजर व्हायचंय. तिला अशी कोटात गुंडाळलेली टाकून मी जाऊ शकत नाही.

तुम्हाला त्रास देतेय, त्याबद्दल क्षमा करा.

तुमच्या घडीमास्तरांची मुलगी


२१ नोव्हेंबर

चि. शंकाबाईस,

अनेक आशीर्वाद. काका म्हणायला परवानगी कसली मागतेस? तुझं पहिलं झबलं बाद झालेल्या छत्रीच्या कापडाचं होतं, ते कापड बाद ठरवणारा मी. त्या झबल्यात तुला घाम यायचा आणि तू भोकाड पसरायचीस. तुझा बाप मला म्हणाला होता, "कापड चांगलं आहे, पोरीची तक्रार आहे."

मी शेवटच्या निरोपाला यायला हवं होतं. गुडघ्याने दगा दिला.

तू त्याच्याबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. आता मी थोडं सांगतो, कारण तो घरी सांगत नसणार. आमच्या शेडमध्ये एक लांब टेबल होतं. त्यावर छत्री पसरायची, एकेक पाकळी दुसरीवर बेतशीर बसवायची, वाळूच्या पिशव्या ठेवून दाबायची, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या. प्रत्येक टप्प्यावर हात थांबवायचा आणि तपासणाऱ्याला हाक मारायची. मी बघणार, सही करणार, मग पुढचा टप्पा. बाकीचे माझ्यावर चिडायचे. तुझा बाप कधी चिडला नाही. उलट मी लवकर सही केली तर म्हणायचा, "नीट बघ, मी बायकोची आठवण काढत होतो." अधूनमधून वरचे साहेब यायचे, रचलेल्या छत्र्यांपैकी कुठल्याही एकीवर बोट ठेवायचे आणि ती बांधणाऱ्याला तीच घेऊन उडी मारायला लावायचे. तसा नियमच होता. तुझ्या बापाला उंचीची भयंकर भीती. उडी मारून आला की टेबलाला धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "घडी बरी होती."

लढाईत आमच्या पोरांनी पहाटे उड्या मारल्या, त्यातली काही परत आली. त्यांच्यातला एक जण शेडमध्ये आला आणि विचारू लागला, माझी छत्री कोणी बांधली होती? छत्रीसोबतच्या कार्डावर तुझ्या बापाची सही होती, पण तो म्हणाला, "कोणी का बांधलेली असेना. उघडली ना?" आणि कामाला लागला. जे आले नाहीत त्यांच्या छत्र्या उघडल्या होत्या का, हे तो कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता. उघडल्या होत्या सगळ्या. पण ते त्याला पटायला वेळ लागला.

आता घडी. पत्रातून घडी शिकवायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, तरी हाकतो. घरची रजई म्हणजे छत्री नव्हे, पण त्याने घरासाठी जी बेतली होती ती मला त्याने एकदा दाखवली होती. रजई लांबीला तीन पदरी कर. कडा आत जाऊ देत, बाहेर दिसता कामा नयेत. मग दोन्ही टोकांकडून मध्याकडे ये, पण एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर जास्त ठेव. ते जास्तीचं टोक शेवटी उलटून खिशासारखं कर आणि बाकी सगळं त्यात कोंब. वरचा कोपरा ओढला की अख्खी रजई एका हिसक्यात उघडली पाहिजे. अंधारात तुला ताप आला तर चाचपडावं लागू नये, म्हणून ती तशी.

आणि आईला माझा एक निरोप सांग. बांधलेली छत्री आम्ही कायमची ठेवत नसू. काही काळाने ती उघडायची, उंच टांगून वारा द्यायचा आणि पुन्हा बांधायची. बांधून ठेवलेलं कापड घडीवर विरतं.

एक विचारतो. कपाटातल्या सगळ्या घड्या सारख्याच आहेत का? नुसतं बघ आणि कळव. हात लावायचा तर आधी आईला विचार.

तुझा,
तपासकाका


२ डिसेंबर

आदरणीय काका,

तुमचं पत्र मी जवळ ठेवून झोपते. लढाईची गोष्ट आम्हाला कोणालाच माहीत नव्हती. बाबा आम्हाला लष्कराच्या गोष्टी सांगायचे त्यात नेहमी कोणाची तरी विजार हरवलेली असायची.

तुमचा निरोप आईला सांगितला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, "ही छत्री नाही म्हणावं." एवढंच. मग धुतलेले कपडे आत आणायला गेली.

पण मला घडी आली. बाजारातून एक स्वस्तातली रजई आणली आणि आई बाहेर गेली की बाहेरच्या खोलीतल्या जमिनीवर सराव करत राहिले. आधी कडा बाहेर यायच्या. मग खिसा उलटा व्हायचा. मग खिसा नीट झाला, पण कोपरा ओढल्यावर रजई अर्ध्यातच अडकायची. शेवटी आली. हिसका दिला आणि ती फडकन उघडली, तेव्हा खोलीत मी एकटी होते आणि मला कोणाला तरी दाखवावंसं वाटलं.

तुम्ही विचारलं होतं ते बघितलं. तुमच्या नजरेला दाद द्यावी लागेल. इतक्या लांबून तुम्हाला कसा संशय आला? सगळ्या घड्या सारख्याच आहेत, जणू साच्यातून काढलेल्या. फक्त मधल्या फळीवरची एक, बाबांच्या स्वतःच्या अंगावरच्या रजईची, पार बिघडलेली होती. कडा बाहेर आलेल्या, खिसा तिरका, आणि एक टोक जिभेसारखं लोंबत होतं. बाबा गेले तेव्हा घरात शेजारपाजारची माणसं होती, कोणीतरी घाईत काढून कोंबली असणार. मला ते बघवेना. बाबांच्या कपाटात बाबांचीच रजई अशी. आईच्या हे लक्षात आलं तर तिला किती वाईट वाटेल, असं मनात आलं. काल ती डॉक्टरांकडे गेली होती तेव्हा मी ती रजई काढली, तुम्ही लिहिलंय तशी घडी घातली आणि जागच्या जागी ठेवून दिली. तुम्ही आधी विचारायला सांगितलं होतं. पण विचारलं असतं तर बिघडलेली आहे हेही सांगावं लागलं असतं. आता शेजारच्या घडीत आणि माझ्या घडीत फरक दाखवून द्या, असं मी तुम्हालासुद्धा म्हणेन.

आई अजून कोटातच झोपते. खोकला सुरू झाला आहे. दोन दिवसांत तिला माझी घडी दाखवणार आहे. तुमची सही मिळाली असती तर जास्त धीर आला असता.

तुमची,
शंकाबाई


६ डिसेंबर

काका,

माझं आधीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल-नसेल. मिळालं असेल तर ते फाडून टाका.

परवा आईने कपाट उघडलं. वरच्या फळीवर औषधं ठेवायची होती. मी मागे उभी होते. ती नुसती बघत राहिली.

"याला कोणी हात लावला?"

"मी. ती वाकडी झाली होती. नीट केली."

"नीट केलीस." मग पलंगाच्या कडेवर बसली. "हो गं. नीटच केलीस."

मला वाटलं, तिला घडी पटली. मी मूर्खासारखी सांगू लागले, तपासकाकांनी शिकवली, मी सराव केला, कोपरा ओढून बघ. ती मध्येच म्हणाली, "त्या ढिगात एकच त्यांची होती."

मला कळेना. मग तिने सांगितलं. रडत नाही, ओरडत नाही, भाजी निवडताना बोलावं तसं. दोन वर्षांपासून बाबांचा उजवा हात थरथरत होता. मी यायचे तेव्हा तो हात खिशात असायचा, नाहीतर वर्तमानपत्राखाली. तुम्हाला सांगते, मी औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचते आणि मला हे दिसलं नाही. घड्या त्यांना जमेनाशा झाल्या होत्या. पण सकाळी उठून ते घालायचेच. दुपारी ते झोपले की आई त्या सगळ्या मोडायची आणि नीट घालून तशाच रचून ठेवायची. इतक्या वर्षांत बघून बघून तिला ती घडी येत होती. संध्याकाळी बाबा कपाट उघडून बघायचे आणि म्हणायचे, "अजून हात आहे आपला."

त्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या पांघरुणांच्या घड्या घातल्या. आईने दुपारची वाट न बघता, ते जरा आडवे झाले तेवढ्यात बाकीची उरकून घेतली. फक्त त्यांची रजई राहिली होती. ती जेवणानंतर करायची होती. जेवून उठताना ते पडले.

म्हणजे कपाटातल्या सुबक घड्या आईच्या होत्या. ज्या मला बाबांच्या वाटत होत्या त्या. आणि मी जी मोडली ती...

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणालाच नव्हतं सांगायचं. तुला कळलं असतं तर तू हात धरून डॉक्टरांकडे नेलं असतंस. त्यांना कळू द्यायचं नव्हतं की मला कळलंय."

मी कालचा अख्खा दिवस ती घडी परत वाकडी घालून बघितली. डोळ्यांसमोर आहे मला ती, कुठलं टोक किती लोंबत होतं ते. पण जमत नाही. माझा हात थरथरत नाही. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "राहू दे. तू आता वाकडंसुद्धा नीटच करशील."

आणि चहा करायला गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता ती पलंगावरही झोपत नाही, खुर्चीत बसून डुलक्या घेते. खोकला वाढला आहे. कपाटाला तिने कुलूप लावलं नाही, पण त्या बाजूला ती बघतही नाही. मला महिनाअखेरीला निघावं लागेल, आणि मी निघू शकत नाही. यात तुमची काही चूक नाही. तुम्ही विचारायला सांगितलं होतं. तुम्हाला हे लिहून काय होणार तेही मला माहीत नाही. दुसरं कोणी नाही म्हणून लिहितेय.


१५ डिसेंबर

चि. शंकाबाईस,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. आधी दुसरं उघडलं, मग पहिलं. बरं झालं. उलट झालं असतं तर तुझं कौतुक करणारं पत्र मी टपालात टाकून बसलो असतो.

मी तुला विचारलं होतं, सगळ्या घड्या सारख्या आहेत का. ते मी चोरून विचारलं होतं. मला त्याच्या हाताचं माहीत होतं. सरळ लिहिलं असतं तर तू त्या रजईला शिवली नसतीस. पण त्याला शब्द दिला होता, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा की पाळायचा हे मला अजून उमगलेलं नाही. आज मोडतोय. हे पत्र वहिनींना वाचून दाखव. त्यांनी नको म्हटलं तरी वाच. दार लावून घेतलं तर दाराबाहेरून वाच.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या मंडळींच्या मेळाव्याला तो आला होता, माझ्याकडे उतरला होता. माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे, ती त्याला दिली आणि मी खाटेवर बसलो. चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला. मी तपासणारा माणूस, माझ्या लक्षात यायचंच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं वर्ष-दीड वर्ष."

"वहिनींना सांगितलंस?"

"तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. हे मात्र तिला माहीत नाही."

"नीट बोल. मला अर्धंच ऐकू येतं, त्यात तू कोडी घालतोस."

मग त्याने सांगितलं. सकाळी मी घालतो ती घडी बघवत नाही, म्हणाला. दुपारी मी आडवा झालो की ती कपाट उघडते. दार करकरायचं, तर त्याला तिने तेल घातलं, मला जाग येऊ नये म्हणून. एकेक मोडते आणि परत घालते. पलंगाकडे पाठ करून उभी राहते. मला तिची कोपरं तेवढी हलताना दिसतात.

"म्हणजे तू जागा असतोस?"

"रोज."

"अरे गाढवा, मग सकाळी घालतोस कशाला? तिलाच घालू दे की एकदाच."

माझ्याकडे त्याने अशा नजरेने बघितलं की जणू मी फाटकी छत्री पास केली. म्हणाला, "मग दुपारी मला बघायला काय उरेल?"

कप त्याने डाव्या हातानेच खाली ठेवला. मग तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी घड्या घातल्या आणि ती दुसऱ्या कामात असायची. मला काय माहीत ती बघत होती. माझ्यापेक्षा बरी घालते ती. शेवटचं टोक आत सारते ना, तेव्हा वरून एक चापट मारते. मी कधी चापट मारली नाही. चांगली कल्पना आहे."

मी म्हटलं, "म्हणजे आता तू तपासनीस झालास."

"झालो. तुझ्यापेक्षा बरा. मी बोलत नाही."

वहिनी, हे आता तुम्हाला लिहितो. आमच्या कार्डावर दोन सह्या असायच्या, बांधणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. एक जरी नसली तरी छत्री फळीवर चढत नसे. त्या कपाटातली एकच घडी त्याची होती असं तुम्ही पोरीला म्हणालात. मी या कामात उभा जन्म काढला, मी ते मान्य करत नाही. बाकी सगळ्या त्याने पास केलेल्या आहेत. त्या वाकड्या एकीचं मला वाईट वाटतं. ती परत येणार नाही. पोरीवर राग धरू नका, तिला आपणच असं घडवलं, निम्मं त्याने आणि निम्मं मी, पत्राने.

तुमचा खोकला वाढला तर मी तोंड दाखवणार कोणाला?

तुमचा,
तपासनीस


९ जानेवारी

भाऊजींना,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. आमच्याकडची पत्रं हेच लिहायचे आणि खाली माझा नमस्कार टाकून द्यायचे. तेव्हा चुकलंमाकलं चालवून घ्या.

शंकाबाई कामावर गेली. जायच्या दिवशी कुलूप ओढून बघितलं, खिडक्या बघितल्या, गॅस बघितला, मग रिक्षातून उतरून परत आली आणि मलाच बघून गेली. खोकला आता पुष्कळ कमी आहे. तिने तुम्हाला कळवलंच असेल, पण तिच्या कळवण्यात काळजीच जास्त असते.

तुमचं पत्र तिने वाचून दाखवलं. दाराबाहेरून नाही, दार मी लावलं नव्हतं. पहिल्यांदा मला तुमचा राग आला. मग ह्यांचा आला. दोन वर्षं मी चोरपावलांनी वावरले. स्वयंपाकघरात भांडं पडू दिलं नाही. कपाटाला तेल घालताना कोणी बघत नाही ना म्हणून मागे वळून बघत होते. आणि हा माणूस पडल्या पडल्या मजा बघत होता. अहो, घोरायचे की हो. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण सोंग घेऊन घोरणारा मी तरी दुसरा बघितला नाही. पोरगी वाचता वाचता थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, वाच पुढे. मला हसू येत होतं आणि ते तिला दिसू नये असं वाटत होतं. का ते कळलं नाही.

चापटीचं खरं आहे. माझ्या लक्षातही नव्हतं की मी मारते.

त्या रजईचं पोरीला सारखं टोचत होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं, पण ते तिला पटवून कसं द्यायचं कळेना. बोलून पटणारी ती नव्हे. शेवटी मी तीच रजई काढली आणि अंगावर घेऊन झोपले. सकाळी ती आत येऊन बघू लागली, मला वाटलं झोपल्यासारखं करावं. पण मला ते ह्यांच्यासारखं जमत नाही. ती म्हणाली, "आई, तू जागी आहेस." मी म्हटलं, "हो, आणि ऊब आहे." तिने दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

रजईला ह्यांचा वास आहे म्हणावं तर नाही, आमच्या घरातल्या सगळ्यालाच साबणाचा वास. जड मात्र आहे. तेवढं बरं वाटतं.

आता घरात मी एकटी. सकाळी उठते तेव्हा पांघरूण तसंच पलंगावर टाकून बाहेर येते. इतक्या वर्षांत आमचा पलंग सकाळी कधी असा राहिला नव्हता. शेजारीण आली होती, तिने बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे सगळीकडे सांगणार. सकाळची घडी माझी नाही, ती ह्यांची वेळ. मी दुपारीच घालते, जेवण झाल्यावर. दिवसातली ती वेळ फार वाईट जाते, म्हणून तेव्हाच.

तुम्ही मेळाव्याच्या वेळी ह्यांना एकुलती एक खुर्ची दिलीत हे वाचून बरं वाटलं. शेवटच्या निरोपाला तुमचा गुडघा दुखत होता असं तुम्ही लिहिलंत. मी काही विचारत नाही. इथे खुर्च्या चार आहेत आणि बसणारी मी एकटी. बस दारापाशी थांबते.

एवढंच लिहायचं होतं, पण एक राहिलं. मी घडी घालायची ती पलंगाकडे पाठ करून, म्हणजे हातातलं काम अंगाआड राहतं आणि आवाज तिकडे जात नाही. सवयच ती. तुमचं पत्र ऐकल्यावरही बरेच दिवस तशीच घालत होते. परवा रजई हातात घेतली आणि वळून उभी राहिले, पलंगाकडे तोंड करून. लांबीला तीन पदर केले, टोकं आणली, खिसा केला. मध्ये कुठेही खाली बघितलं नाही.

घडी बरी आली.

तुमची,
वहिनी